2 मिमीच्या पॅन्क्रियाटिक डक्टमध्ये (स्वादुपिंडाच्या नलिकेत) ईएनपीडी, म्हणजे नाकातून घातलेली निचरा नळी: 4 फ्रेंच की 5 फ्रेंच?

एंडो_फेलो
एमआरसीपीत (डक्टच्या एमआरआयमध्ये) स्वादुपिंडाच्या बॉडीत (मधल्या भागात) छोटंसं स्ट्रिक्चर (अरुंद झालेली जागा), त्यापुढे टेलकडे (शेपटाकडे) डक्ट जराशी फुगलेली. ईयूएसवर (एंडोस्कोपमधून केलेल्या सोनोग्राफीवर) गाठ दिसत नाही, मग एफएनए (सुईने पेशी काढणं) करणार कशाची? म्हणून नाकातून पॅन्क्रियाटिक डक्टमध्ये नळी ठेवून रस सायटॉलॉजीला (पेशींच्या तपासणीला) पाठवायचा बेत आहे. हेडमध्ये (ड्यूओडेनमलगतच्या भागात) डक्ट 2 मिमीच्या आसपास. 5 फ्रेंच जाडीची नळी हाताशी आहे, 4 मागवावी लागेल. पँक्रिएटायटिसच्या (स्वादुपिंडाला सूज येण्याच्या) दृष्टीने एका फ्रेंचने एवढा फरक पडतो का? नाहीतरी ती टाळण्यासाठीचा प्रोफायलॅक्टिक स्टेंट 5 चाच टाकतो आपण.

वायर_गाइडेड
स्टेंटची तुलना इथे चालत नाही. तो 3 ते 5 सेंमीचा असतो, आतल्या बाजूला फ्लॅप नसतो आणि काही दिवसांत आपोआप गळून पडतो. ही नळी मात्र पॅपिलापासून (डक्टच्या ड्यूओडेनममधल्या तोंडापासून) स्ट्रिक्चरच्या पलीकडे जाते, म्हणजे वाटेतल्या साइड ब्रँचची (बाजूच्या फांद्यांची) तोंडंही तिच्याखाली येतात.
हिशेब करून बघा. 5 फ्रेंच म्हणजे 1.67 मिमी, 4 म्हणजे 1.33. 2 मिमीच्या डक्टमध्ये 5 ची नळी घातली की चहूबाजूंनी जेमतेम 0.17 मिमी फट उरते, 4 घातली तर त्याच्या दुप्पट. नळीच्या बाहेरून रस निघायला तेवढीच वाट असते. या डक्टला मी 4 च मागवेन. मात्र पाकिटावर कुठली वायर (नळी जिच्यावरून सरकवतात ती तार) चालते ते आधी वाचा, 0.035 इंच गृहीत धरू नका.

स्फिंक्टर
वरच्याशी सहमत, पण 4 फुकट मिळत नाही. आतला व्यास त्याच प्रमाणात घटला असं धरलं तर तेवढ्याच दाबाला प्रवाह साधारण 40 टक्क्यांवर येतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो. आयपीएमएनचा (डक्टमधल्या म्युसिन बनवणाऱ्या गाठीचा) चिकट म्युसिन असेल तर 4 तुंबलीच समजा. तिथे डक्टही रुंद असते, 5 खुशाल घाला.
दुसरं, नळीलाच सगळा दोष देऊ नका. वारंवार कॅन्युलेशन (डक्टच्या तोंडात नळी घालायचा प्रयत्न), वायर साइड ब्रँचमध्ये घुसणं, टेलपर्यंत जोरात भरलेला कॉन्ट्रास्ट यांनी पँक्रिएटायटिस होतो आणि नळी बारीक असली तरी तो टळत नाही. एनएसएआयडीला (या गटातल्या वेदनाशामकांना) मनाई नसेल तर आधी डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिन 100 मिग्रॅ गुदमार्गे द्याच.

एंडो_फेलो
धन्यवाद सर. वॉर्डमध्ये सिरिंजने रस ओढायचा का?

स्कोपरूम_सिस्टर
अजिबात नाही. ओढलं की डक्टची भिंत नळीच्या भोकांना चिकटते. बॅग पलंगाच्या पातळीखाली टांगा, रस आपोआप येऊ द्या. थांबला तर आधी घशात वळसा किंवा गालावरच्या चिकटपट्टीखाली घडी पडलीय का पाहा. तोंडातून नाकात नळी फिरवताना घशात राहिलेली घडी हे सगळ्यात नेहमीचं कारण. तिथे काही नसेल तर डॉक्टरांना सांगा. फ्लश करायचंच ठरलं तर 1 मिलि सलाइन, तेही हलक्या हाताने. जोर लावला की दाब थेट ग्रंथीत जातो.
नाकपुडीशी नळीवर मार्करने खूण करा आणि प्रत्येक शिफ्टला पाहा. पेशंट झोपेत ओढतात.
नमुना बर्फावर धरा आणि लगेच पाठवा, एन्झाइम पेशी खातात. एकाच नमुन्यावर थांबू नका, दिवसभरात पाच-सहा वेळा घ्या.

स्फिंक्टर
आणि दुसऱ्या दिवशी रक्तात नुसतं अमायलेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) वाढलं म्हणून नळी काढायची घाई नको. पोटात नव्याने दुखतंय, 24 तासांनंतरही अमायलेज वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा जास्त आहे, तेव्हा पँक्रिएटायटिस म्हणायचं. दुखायला लागलं आणि रसही थांबला असेल, तर नळीचं टोक कुठे आहे ते एक्स-रेवर बघा.

स्कोपरूम_सिस्टर
रंगावरूनही कळतं. रस पाण्यासारखा स्वच्छ असतो. बॅगेत पिवळं दिसायला लागलं तर नळी बहुतेक ड्यूओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीला) सरकली आहे आणि त्यापुढचा नमुना पित्ताचा आहे. तो पॅथॉलॉजीला पाठवू नका.