भाडेकरूचं दिवाळं निघालं तर त्याचा भाडेकरार विकायचा का?

मंदार_क्वीन्स: मॅनहॅटनमधल्या ईस्ट सेव्हंथ स्ट्रीटवर चाळीसहून अधिक वर्षं राहणाऱ्या एका बाईंचा खटला. नवरा गेल्यावर क्रेडिट कार्डांचं सुमारे २३,००० डॉलरचं कर्ज झेपेना, म्हणून २०११ मध्ये त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. भाडं मात्र थकलेलं नव्हतं. घर रेंट स्टॅबिलाइज्ड: भाडेवाढ शहराचं मंडळ ठरवणार आणि मालकाला सहसा कराराचं नूतनीकरण नाकारता येणार नाही. मालकाने थेट ट्रस्टीला (दिवाळखोराची मालमत्ता विकून धनकोंची देणी भागवणाऱ्याला) गाठलं, ‘बाईंचा करार मला विका, त्यांचं देणं मी भागवतो.’ ट्रस्टी तयार, खालची दोन्ही कोर्टंही तयार.

दिवाळखोरीचा कायदा केंद्राचा, पण ऋणकोकडे काय राहू द्यायचं हे बरंचसं राज्याच्या कायद्यावर. न्यूयॉर्कचा कायदा ‘स्थानिक सार्वजनिक साहाय्य’ धनकोंच्या हाती लागू देत नाही. त्यात रेंट स्टॅबिलाइज्ड घराचं हे संरक्षण बसतं का, असं फेडरल अपील कोर्टाने राज्याच्या सर्वोच्च कोर्टाला विचारलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये ५ विरुद्ध २ मतांनी उत्तर आलं, बसतं. माझ्या मते योग्यच.

हिशेबी: साहाय्य कोणाच्या खिशातून? सरकारी तिजोरीतून एक डॉलर जात नाही, सगळा भार मालकावर. विरोधात गेलेल्या न्यायमूर्ती स्मिथ यांचा रोख हाच होता. शिवाय बाईंना हयातभर राहू द्यायला मालक तयार होता, फक्त मुलाकडे घर जाणार नव्हतं. हे तुम्ही लिहिलंच नाहीत! धनकोंना पैसे, बाईंना छप्पर. बिघडलं कुठे?

मंदार_क्वीन्स: मुलाचं बिघडलं ना. सोबत राहणाऱ्या घरच्यांना करार पुढे चालवता येणं हा त्या संरक्षणाचाच भाग आहे. आणि नूतनीकरणाचा हक्क गेला की माणूस तोंड उघडत नाही. इथे न्यूयॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे मालकाने हीटिंग द्यायचं, बाहेर गारठा असेल तेव्हा दिवसा घरात किमान ६८ फॅरनहाइट. आमच्या बिल्डिंगचा रेडिएटर जानेवारीत थंड पडला, तेव्हा ३११ ला (शहराच्या तक्रार क्रमांकावर) तक्रार केली ती जुन्या स्टॅबिलाइज्ड भाडेकरूंनी. आम्ही, ज्यांचा करार मार्चमध्ये संपणार होता, ते स्वेटर चढवून गप्प.

गिरगावकर: आपल्याकडे एवढा काथ्याकूट लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने स्पष्टच घातलंय: भाडेनियंत्रणाखालच्या राहत्या घरातला भाडेकरूचा हक्क जप्त होत नाही.

हिशेबी: आणि तीच खोली पागडीवर लाखांत जाते! महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी कायदेशीर केली. न्यूयॉर्कच्या बाईंना निदान करार बाजारात मांडता येत नव्हता. इथे भाडेकरू खोलीचे लाख मोजून घेणार आणि धनकोने नुसतं बघत बसायचं?

गिरगावकर: लाख दिसतात, गॅलरीला लावलेले टेकू दिसत नाहीत. त्याच कायद्याचं कलम १४ म्हणतं, दुरुस्ती मालकाने करायची. नाही केली तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन आपण करा आणि भाड्यातून कापा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. आमचं भाडं महिना ८० रुपये. म्हणजे वर्षाला २४०. एवढ्यात प्लंबर जिनासुद्धा चढत नाही.

हिशेबी: मग ८० रुपयांत मालक तरी कुठून करणार? तुम्ही माझीच बाजू मांडताय.

विनया_प: दोन गोष्टींची गल्लत होतेय. जप्तीतून वाचवायचं ते राहणं. भाडेकरूने आपखुशीने पागडी घेऊन खोली दिली, तर हातात आलेली रोकड धनकोंनी खुशाल मागावी. राहतं घर कुणी बळजबरीने विकू नये, एवढंच.

मंदार_क्वीन्स: अगदी. न्यूयॉर्कमध्येही घर रिकामं करण्यासाठी मालक भाडेकरूला पैसे देऊ करतात, सर्रास. करावा की सौदा बाईंशी! तिथे सही त्यांची लागते, ट्रस्टीची नाही.

हिशेबी: म्हणजे त्या हक्काला किंमत आहे, हे आता तुम्हीच म्हणालात. मग कार्डावर उधार देणाऱ्याने ती का सोडायची?