शिसवीची छिद्रं भरायला काय वापरता?

सहातारी: मंडळी, अकूस्टिक गिटार बनवतोय. पाठ आणि कडा शिसवीच्या, नेक महोगनी, टॉप स्प्रूसचा, बाइंडिंग (कडेची पट्टी) मेपलचं. 220 च्या पेपरने घासून झालंय आणि आता अडलोय. शिसवीत त्या उभ्या बारीक चिरा असतात त्या भरल्याशिवाय ग्लॉस येत नाही एवढं माहितीये. आमच्या पॉलिशवाल्याने चॉक पावडर आणि सीलरची लांबी (पुट्टी) भरायला सांगितली, कटपीसवर बघितली तर सुकल्यावर रेषांमध्ये सगळीकडे पांढरं. इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) लावली तर आवाज दबेल का? स्प्रे गन नाहीये, हाताने लाखेचं पॉलिश मारणार आहे.

लाकूडफोड्या: चॉकची लांबी पेंट मारायच्या कपाटाला ठीक, शिसवीला नको. काही भरायच्या आधी पातळ लाखेचा एक हात मार, 100 मिली स्पिरिटला साधारण 12 ग्रॅम, मेण काढलेली लाख घे. टॉप आणि बाइंडिंगला आधी, शिसवीला मागून, कारण शिसवीचा जांभळट रंग स्पिरिटमध्ये सुटतो आणि तोच बोळा (लाख लावायची कापडी गुंडाळी) मेपलवर फिरला की बाइंडिंग गुलाबी झालंच म्हणून समज. स्प्रूसमध्ये भरण्यासारखी छिद्रंच नसतात, टॉपला फिलर लावायचाच नाही, त्यामुळे आवाजाची चिंता बरीचशी तिथेच संपते. पाठीवर इपॉक्सी ओतायची नाही, जुन्या एटीएम कार्डाने रेषांना तिरपी ओढायची आणि वरची सगळी खरवडून काढायची. कडक झाली की 320 ने घास, परत एक पातळ हात. जी राहते ती छिद्रांतच, आवाज कशाला दबतोय!

बोळेवाला: इपॉक्सी चालते, पण लाखच मारणार असशील तर प्युमिसने (ज्वालामुखीच्या दगडाची बारीक पूड) भर ना. बोळ्यावर स्पिरिट, लाख अगदी नावाला, चिमूटभर प्युमिस, आणि गोल गोल फिरवत राहायचं. प्युमिस लाकूड घासतं, तोच भुसा लाखेबरोबर छिद्रांत बसतो आणि रंग लाकडाचाच येतो, काळं-पांढरं काही दिसत नाही. क्लासिकल गिटारवाले हेच करतात. फक्त वेळखाऊ आहे, हात दुखतात, आणि बाइंडिंगजवळ जपून. महोगनीवरही जमतं.

लाकूडफोड्या: पहिल्याच गिटारला प्युमिस? दमेल तो. 😄

सहातारी: नेकवर छिद्रं उघडी ठेवली तर? हात सरकायला बरं पडतं म्हणतात.

बोळेवाला: ठेव की, आवडीचा प्रश्न आहे. पातळ तेल किंवा लाख, बास. मी तरी माझ्या नेकला भरत नाही.

कोकणी फ्रेट: पाऊस चालू असेल तर थांबा जरा. दमट हवेत लाख मारली की पांढरट पडते, आमच्याकडे जुलैत तर विचारूच नका. आणि कुठलाही फिलर नीट सुकू द्या, पाण्याचे आणि तेलाचे फिलर आकसतात, वरून आरशासारखं पॉलिश झाल्यावर महिन्याभराने रेषा परत डोकं काढतात. बाटलीत जुनी विरघळवलेली लाख पडली असेल तर तीही वापरू नका, चिकटच राहते. आणि शिसवी घासताना मास्क, त्या भुशाने पुष्कळांना खाज सुटते.

सहातारी: ब्रिजच्या (टॉपवर चिकटवायची, तारा अडकवायची पट्टी) जागेवर टेप लावून ठेवू का, की पॉलिश झाल्यावर खरवडू?

लाकूडफोड्या: टेप, ब्रिजपेक्षा किंचित लहान. डिंक कोऱ्या लाकडालाच धरतो. शेवटी कडेने धारदार ब्लेड फिरवून मगच टेप उचल, नाहीतर लाखेचा टवका निघेल.