गंगापूर धरणाच्या काठी उन्हाळ्याचा अंदाज कसा वाचावा?

प्रश्न (गंगावऱ्हे परिसर)

नमस्कार. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्याला (साठलेल्या पाण्याला) लागून आमची तीन एकर जमीन आहे. दीड एकरात उन्हाळ कांदा उभा आहे आणि उरलेल्या क्षेत्रात द्राक्षबाग असून तिची खरड छाटणी (द्राक्षकाढणीनंतरची उन्हाळी छाटणी) एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात करायची आहे. सासरे होते तोवर ढगावाऱ्याचा अदमास तेच घेत. आता ते काम माझ्याकडे आले आहे. भारतीय हवामान विभाग फेब्रुवारीअखेर मार्च ते मे या काळाचा अंदाज जाहीर करतो. त्या नकाशात मध्य महाराष्ट्र लालसर दिसला की गावात लगेच 'यंदा होरपळणार' अशी चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात आमच्या काठावर दुपारीसुद्धा पाण्यावरून बरी झुळूक येते, आणि गिरणाऱ्याच्या दिशेने तीन-चार किलोमीटर गेले की अंगाची लाही होते. हा अंदाज धरणकाठच्या पट्ट्याला कितपत लागू पडतो? आणि पाणी जवळ असल्यामुळे अवकाळी पाऊस व गारा आमच्याकडे जास्त पडतात असे जे म्हणतात, त्यात तथ्य आहे का?

उत्तर १ (गिरणारे)

ताई, आधी नकाशाच्या रंगाविषयी लिहितो, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. त्या नकाशातील गडद रंग 'तापमान किती वाढेल' हे सांगत नाही. तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता किती, एवढेच सांगतो. सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतके आणि सरासरीपेक्षा जास्त असे तीन गट करतात आणि काहीच माहीत नसेल तर प्रत्येक गटाची शक्यता ३३ टक्के धरतात. ती ५५ किंवा ६५ टक्क्यांवर गेली की रंग गडद होतो. म्हणजे लाल पट्ट्यात राहूनही एखादा महिना गार जाऊ शकतो. २०२५ चेच उदाहरण घ्या. मार्च ते मे या काळात देशाच्या बहुतेक भागात कमाल तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील, असा तेव्हाचा अंदाज होता. प्रत्यक्षात मे महिन्यात देशात सरासरी १२६.७ मिलिमीटर पाऊस झाला, जो १९०१ पासूनच्या नोंदींत त्या महिन्याचा सर्वाधिक आहे, आणि मोसमी पाऊस केरळात नेहमीच्या १ जूनऐवजी २४ मे रोजीच पोहोचला. आपल्या जिल्ह्यात किती कांदा शेतातच भिजला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

दुसरे असे की 'मध्य महाराष्ट्र' या एका नावाखाली नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंतचा मुलूख येतो. एवढ्या पट्ट्याच्या तीन महिन्यांच्या अंदाजातून तुमच्या दीड एकराचा दिवस ठरवता येणार नाही.

झुळुकीचे म्हणाल तर ती खरी आहे. पाणी जमिनीपेक्षा हळू तापते, त्यामुळे दुपारी पाण्यावरची गार हवा तापलेल्या जमिनीकडे सरकते. मी दोन उन्हाळे एक तापमापक काठावरच्या मित्राच्या मळ्यात आणि दुसरा माझ्या घराच्या उत्तरेकडील पडवीत टांगून पाहिला. दुपारी दोनच्या सुमारास फरक बहुधा एक ते दीड अंशाचा येई. रात्री मात्र उलटे व्हायचे आणि काठावरच थोडी ऊब राहायची. (माझे तापमापक बाजारातले साधे होते, तेव्हा आकड्यापेक्षा कल महत्त्वाचा समजावा.) शिवाय एप्रिलमध्ये काठ जागेवर राहत नाही. पिण्याच्या पाण्याची आणि सिंचनाची उचल चालूच असते, त्यात बाष्पीभवनाची भर पडते. दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडाले असे धरले, तरी एक चौरस किलोमीटर पृष्ठभागावरून रोज ८० लाख लिटर पाणी जाते. पाणी मागे हटले की मधे भेगाळलेला गाळ उघडा पडतो आणि तो भर दुपारी चांगलाच तापतो. त्यामुळे मार्चमधली झुळूक मे महिन्यात गृहीत धरू नका.

उत्तर २ (निफाड)

गारपिटीबाबत स्पष्टच सांगतो, धरणाचा त्यात हात नाही. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी वादळी हवेची प्रणाली) सरकत असताना वरच्या थरात थंड हवा येते, खाली अरबी समुद्र किंवा बंगालच्या उपसागरावरून आलेले बाष्प असते आणि तापलेली जमीन दुपारनंतर त्या हवेला वर ढकलते. एका जलाशयाचे बाष्प या हिशेबात नगण्य आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने तर जवळ धरण असलेली आणि नसलेली, दोन्ही शिवारे सारखीच झोडपली होती.

'उष्णतेची लाट' हा शब्दही जपून वाचावा. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंशांवर जावे आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वाढावे, तेव्हा लाट म्हणतात; किंवा पारा थेट ४५ अंश गाठावा लागतो. ३९ अंशांना लाट जाहीर होत नाही, म्हणून मजुरांना दुपारी बारा ते चार रानात ठेवावे असा त्याचा अर्थ होत नाही.

आता कांद्याचे. तुम्हाला तीन महिन्यांचा अंदाज मुळात लागतच नाही. निम्म्या पातीच्या माना पडल्या की काढणी करायची आणि कांदा तीन-चार दिवस पातीने झाकून शेतातच सुकवायचा. म्हणजे कोरड्या हवेचे चार दिवस सापडले की झाले, आणि नेमक्या तेवढ्याच मुदतीचा अंदाज सर्वांत भरवशाचा असतो. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो, त्यावरून आठवडा हेरावा. दिवस ठरवायला मंगळवार-शुक्रवारची कृषी हवामान सल्लापत्रिका पाहावी. आपल्या जिल्ह्यासाठी ती इगतपुरीच्या संशोधन केंद्रातून निघते आणि 'मेघदूत' ॲपवरही मिळते. विजांसाठी 'दामिनी' ठेवा. मी स्वतः एका वर्षी काढणी दोन दिवस लांबवली, केवळ गुरुवारच्या अंदाजात वादळी पावसाचा उल्लेख होता म्हणून. शेजाऱ्यांनी चेष्टा केली. पाऊस तिसऱ्या दिवशी आला, तोवर माझा कांदा जमिनीतच होता आणि त्यांचा ओळीने उघड्यावर पडला होता.

प्रश्नकर्ती

दोघांचे आभार. गुरुवार आणि मंगळवार-शुक्रवारचे वेळापत्रक स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवले आहे. पाणी मागे सरकण्याचे अगदी खरे आहे, मोटारीचा पाईप आत्ताच एकदा पुढे न्यावा लागला. छाटणी मात्र पुढे ढकलावी का, हे अजून ठरत नाही.

उत्तर १ (गिरणारे)

ताई, केवळ नकाशा लाल आहे म्हणून छाटणी पुढे ढकलू नका. फार उशीर केला तर वेलीची नवी काडी पक्व व्हायच्या काळात पावसाळी ढगाळ हवा गाठते. कडक ऊन आणि कोरडी हवा असेल तर काडीवरचे डोळे (कोंब) मागेपुढे फुटतात, म्हणून छाटणीनंतर ओलांड्यांवर (वेलीच्या आडव्या फांद्यांवर) दिवसातून दोन-तीन वेळा साध्या पाण्याची फवारणी करावी. काठाकडच्या ओळींना ती थोडी कमी पुरेल, रस्त्याकडच्या ओळींना जास्त लागेल. आणि पाईप पुढे नेताना फुटव्हॉल्व्ह (पाईपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) गाळात टेकू देऊ नका, आमच्याकडे एकाची मोटार त्यापायीच जळाली.