पॅलेडियम कार्बनचा नवा लॉट: सरफेस एरिया जास्त, तरी बॅच रेंगाळते

रबाळे_बी_शिफ्ट:
रबाळे एमआयडीसीत प्रॉडक्शनला आहे. नायट्रोचं अमाइन करतो: मेथनॉल, कॅटॅलिस्ट म्हणून ५ टक्के पॅलेडियम ऑन कार्बन (कार्बनच्या भुकटीवर बसवलेलं पॅलेडियम), ५० अंश, ५ बार हायड्रोजन. चार तासांत अपटेक (हायड्रोजन ओढला जाणं) थांबायचा. परचेसने स्वस्त पडतो म्हणून दुसरीकडचा माल आणला, तर आता आठ तास झाले तरी प्रेशर पडतंच आहे. सीओएवर (मालासोबत येणाऱ्या तपासणीच्या दाखल्यावर) पॅलेडियम तेवढंच. सरफेस एरिया उलट जास्त: जुना ९५०, नवा १२५० चौरस मीटर प्रति ग्रॅम. मॉलिक्यूल आडदांड आहे, तीन रिंगा आणि टोकाला टर्शरी ब्युटाइल. साहेब म्हणतात ७० अंशांवर घ्या. मला पटत नाही, पण नाही म्हणायला कारण सापडत नाहीये.

क्यूसी_कोपरखैरणे:
आधी मॉइश्चर बघ. ५ टक्के हा आकडा कोरड्या वजनावर असतो आणि माल येतो ओला. २ किलो ओल्या मालात ५० टक्के पाणी असेल तर पॅलेडियम ५० ग्रॅम, ६० टक्के असेल तर ४० ग्रॅमच. ड्रमवरचं वजन बघून चार्ज केलंत की गेला पाचवा हिस्सा पाण्यात.

कोपरी_काका:
मॉइश्चरचं बरोबर आहे, पण तेवढ्याने चाराचे आठ तास होत नाहीत.

आधी साहेबांचं बघू. ७० करू नका. नायट्रो ग्रुप कमी होताना मोलमागे १३० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता सुटते. कॅटॅलिस्ट मंद असेल तर मधल्या पायरीवरचं हायड्रॉक्सिलअमाइन साचत राहतं, आणि ते तापवणं म्हणजे आफतीला आवतण. हे कारण सांगा, कोणताही शहाणा साहेब ऐकेल.

आता मूळ दुखणं. सीओएवरचा सरफेस एरिया नायट्रोजनने मोजलेला असतो. नायट्रोजनचा रेणू इवलासा, तो कुठल्याही फटीत शिरतो. २ नॅनोमीटरच्या आतली छिद्रं ती मायक्रोपोर, २ ते ५० मेसोपोर. १२५० मधला बहुतेक भाग मायक्रोपोरचा असेल, तर तुमच्या तीन रिंगांच्या धटिंगणाला त्याचा काय उपयोग? चाळीच्या जिन्यातून गोदरेजचं कपाट वर नेण्यातला प्रकार. शिवाय पॅलेडियमचे कण बऱ्याचदा २ ते ५ नॅनोमीटरचे, म्हणजे तेही त्या बारीक छिद्रांत मावत नाहीत. जे अगदी बारीक कण आत अडकतात, त्यांच्यापर्यंत तुमचा माल पोचत नाही. पैसे मात्र त्यांचेही मोजलेले असतात!

सप्लायरला एकच विचारा: कार्बन कशाचा? नारळाच्या करवंटीचा असेल तर कडक, राख कमी, पण बहुतेक मायक्रोपोर. फॉस्फोरिक अॅसिडने अॅक्टिव्हेट केलेल्या लाकडाच्या कार्बनमध्ये मेसोपोर भरपूर. तेच सीओएवरही ताडता येतं: आयोडीन नंबर बारीक छिद्रांचा अंदाज देतो, मेथिलीन ब्ल्यू आणि मोलासेस नंबर मोठ्यांचा. नुसता आयोडीन नंबर छापून मिरवणाऱ्याकडे जरा संशयाने बघावं.

खात्री करायची तर लॅबच्या छोट्या ऑटोक्लेव्हमध्ये दोन्ही लॉट लावा. पॅलेडियम ग्रॅममध्ये सारखं ठेवा, एकदा तुमचा माल घ्या, एकदा साधं नायट्रोबेंझीन, त्याचा रेणू छोटा. नायट्रोबेंझीन दोन्हीकडे सारखं पळालं आणि तुमचाच माल मागे पडला, तर दोष छिद्रांचा. दोन्ही मागे पडले तर धातू नीट बसलेला नाही. पॅलेडियम क्लोराइड कार्बनवर नुसतं ओतलं तर कार्बन स्वतःच त्याला बाहेरच्या बाहेर कमी करतो आणि मोठाले कण तयार होतात, तसला प्रकार. स्टररचे आरपीएम वाढवूनही बघा. वेग त्याने वाढला तर हायड्रोजनच नीट पोचत नाहीये, कार्बनला शिव्या देण्यात अर्थ नाही.

रबाळे_बी_शिफ्ट:
काका, मॉइश्चर ६१ टक्के निघालं. ते दुरुस्त करून लॅबमध्ये लावलं. नायट्रोबेंझीन दोन्ही लॉटवर जवळपास सारखं, आमचा माल नव्यावर अजूनही बराच मागे. आरपीएमने फरक नाही. कार्बन करवंटीचाच आहे, सप्लायरने हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. साहेब ७० वरून खाली आले. पण परचेसवाले म्हणतात, लाकडाच्या ग्रेडवर पॅलेडियमची रिकव्हरी कमी मिळेल.

कोपरी_काका:
कोणी सांगितलं त्यांना? रिफायनर कार्बन जाळतो आणि राखेतून पॅलेडियम काढतो. अॅल्युमिनापेक्षा कार्बन परवडतो तो यासाठीच, मग करवंटी असो की लाकूड. नुकसान होतं ते फिल्टरवर. लाकडाचा कार्बन मऊ, स्टररखाली त्याचा चुरा होतो. बारीक भुगा कापडातून निसटला की पॅलेडियम फिल्ट्रेटमध्ये गेलं. त्यामुळे पार्टिकल साइझ आधी ठरवून घ्या, आणि पहिल्या बॅचला हायफ्लोचा (गाळायला मदत करणाऱ्या पावडरीचा) थर द्या.

एक राहिलं. नवा ग्रेड ट्राय करताना नट्शवर (फिल्टरवर) सगळे वाकून केक, म्हणजे गाळून उरलेला कॅटॅलिस्ट, बघायला जमतात. मेथनॉलने भिजलेला, हायड्रोजन प्यायलेला केक कोरडा पडून हवा लागली की पेटतो. नायट्रोजन चालू ठेवा, पाण्याने धुवा आणि ओलाच ड्रममध्ये भरा.

क्यूसी_कोपरखैरणे:
आणि ड्रमवर मॉइश्चर लिहा!

रबाळे_बी_शिफ्ट:
लाकडाच्या ग्रेडचं सॅम्पल मागवलंय, सीओएवर मेथिलीन ब्ल्यूसकट. आलं की इथेच टाकतो.