शब्दचर्चा : ‘लेंट’, ‘मिशन’ आणि उपासनावर्षातले इतर शब्द

प्रश्न

ख्रिस्ती उपासनावर्षातील, म्हणजे चर्चमधील उपासनेसाठी सणांनुसार आखलेल्या वर्षातील, निरनिराळ्या काळांमधून श्रद्धावंताची आध्यात्मिक घडण कशी होते आणि त्या घडणीतून मिशन कसे उभे राहते, या विषयावरील इंग्रजी लेखांचा मी मराठी अनुवाद करीत आहे. वाचकांमध्ये वसईकडील कॅथलिकही असतील आणि नगर जिल्ह्यातील प्रोटेस्टंटही असतील. ‘लेंट’साठी, म्हणजे ईस्टर या पुनरुत्थानाच्या सणापूर्वीच्या चाळीस दिवसांच्या काळासाठी, प्रायश्चित्तकाळ, उपवासकाळ आणि लेंट असे तीन पर्याय मला दिसतात; त्यांपैकी कोणता घ्यावा? तसेच ‘मिशन’ला ‘धर्मप्रसार’ म्हटल्यास चालेल का?

प्रतिसाद १

प्रथम ‘लेंट’विषयी. या तिन्ही शब्दांमध्ये खरा फरक उपासनापरंपरांचा आहे. मराठी कॅथलिक उपासनेत ‘प्रायश्चित्तकाळ’ हा शब्द रुळलेला आहे आणि त्या वाचकाला तो मुळीच खटकणार नाही. प्रोटेस्टंट वाचकाची अडचण मात्र निराळी आहे. मराठी बायबलमध्ये प्रायश्चित्त हा शब्द लेवीय पुस्तकातील महायाजकाच्या विधीसाठी येतो आणि योहानाच्या पहिल्या पत्रात तो थेट ख्रिस्ताला लावलेला आहे. पापांबद्दलचे प्रायश्चित्त ख्रिस्ताने एकदाच आणि पुरतेपणी केले आहे, अशी ज्याची शिकवण आहे, त्याला चाळीस दिवस माणसाने प्रायश्चित्त करावयाचे ही कल्पनाच शब्दातून चुकीची वाटू शकते. तो पश्चात्ताप म्हणेल, प्रायश्चित्त म्हणणार नाही. शिवाय हिंदू धर्मशास्त्रात प्रायश्चित्त एखाद्या ठरावीक दोषाबद्दल घेतले जाते आणि ते घेतले की प्रकरण संपते; लेंटमध्ये अपेक्षित असलेली सावकाश घडण त्या शब्दात मावत नाही.

‘उपवासकाळ’ वरवर निरुपद्रवी वाटतो, परंतु तोही पूर्ण बसत नाही. भस्म बुधवारापासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्यामुळे सहा रविवार वगळून ४० उरतात. कॅथलिक नियमानुसार त्यांतही बंधनकारक उपवास केवळ भस्म बुधवारी आणि शुभ शुक्रवारी असतो, आणि तोही प्रौढांना साठावे वर्ष लागेपर्यंतच. भस्म बुधवारी मत्तयच्या शुभवर्तमानातील जो सहावा अध्याय वाचला जातो, त्यात दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी आहेत, आणि दानधर्म पहिला आहे. मराठी वाचकाच्या मनात उपवास म्हटले की एकादशी आणि साबुदाणा आधी उभे राहतात, म्हणून हा शब्द एका अंगावर नको तितका भर देतो. माझे मत असे की वाचकवर्ग मिश्र असल्यास ‘लेंट’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा पश्चात्तापाचा व तयारीचा काळ’ असे एकदा सांगून मोकळे व्हावे. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजमधून आलेला असूनही आज तो परका आहे असे कोणी म्हणत नाही.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे. एक ऐतिहासिक कारण त्याला जोडतो. वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती आणि तेथे उपासनावर्ष कॅथलिक परंपरेबरोबरच आले. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट संस्थेचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला सुरू झाले. ते मिशनरी ज्या न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतले होते, तिच्या प्यूरिटन (कडक सुधारणावादी प्रोटेस्टंट) पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करण्यावरदेखील दंड ठेवला होता. अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील) मंडळींकडे मात्र प्रार्थनापुस्तकातील सणांचे पंचांग होते. १९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि काँग्रिगेशनल व अँग्लिकन यांसह अनेक प्रोटेस्टंट प्रवाह एका छत्राखाली आले. कॅथलिक, काँग्रिगेशनल आणि अँग्लिकन या तिघांची परिभाषा एकसारखी असावी ही अपेक्षाच अनैतिहासिक आहे.

आता ‘मिशन’. ‘धर्मप्रसार’ घेऊ नये, कारण त्यातून संख्यावाढीचा अर्थ प्रथम निघतो आणि वादही. ‘सुवार्ताप्रसार’ चांगला आहे, परंतु तो बोलण्यापुरता राहतो. दवाखाना, शाळा, भुकेल्याचे जेवण त्यात येत नाही. नुसते ‘मिशन’ म्हटले की आपल्याकडे मिशनचे हॉस्पिटल, मिशन कंपाउंड किंवा एखादी सरकारी योजना आठवते. मूळ लॅटिन धातूचा अर्थ पाठवणे असा आहे, आणि कॅथलिकांच्या मुख्य उपासनेच्या ‘मिस्सा’ या नावाचे मूळही तेच आहे, कारण लॅटिन विधीच्या शेवटी लोकांना निरोप देताना तो शब्द येतो. (‘पाठवणी’ हा शब्द सुचेल, पण ती नवरीची होते.) म्हणून मी ‘प्रेषितकार्य’ निवडेन. ‘प्रेषित’ म्हणजे पाठवलेला, हा अर्थ बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकामुळे दोन्ही परंपरांच्या वाचकांना परिचित आहे, आणि पन्नासाव्या दिवसाच्या सणानंतर (पेंटेकॉस्ट, पवित्र आत्मा उतरल्याचा दिवस) शिष्य बाहेर पडतात ते त्याच पुस्तकात.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. ‘घडण’ऐवजी ‘संस्कार’ योजावा, अशी एका सहकाऱ्याची सूचना आहे.

प्रतिसाद १

योजू नये. कॅथलिक मराठीत बाप्तिस्मा, दृढीकरण इत्यादी सात विधींना संस्कार म्हणतात, त्यामुळे ‘आध्यात्मिक संस्कार’ वाचून तो वाचक एखाद्या विधीची वाट पाहील. ‘घडण’ हाच शब्द गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील कल्पनेलाही जुळतो. तेथे पौल ख्रिस्ताचे स्वरूप विश्वासणाऱ्यांमध्ये तयार होईपर्यंत प्रसूतिवेदना सोसत असल्याचे म्हणतो. इंग्रजीतील ‘सीझन’साठी ‘ऋतू’ मात्र कटाक्षाने टाळा, ‘काळ’ म्हणा: आगमनकाळ, नाताळकाळ, पुनरुत्थानकाळ. राहिला ‘सामान्य काळ’, म्हणजे या विशेष काळांव्यतिरिक्तचे उपासनावर्ष. वर्षातील ३३ किंवा ३४ आठवडे त्यात मोडतात आणि मराठीत सामान्य म्हणजे कमी प्रतीचे असा अर्थ डोकावतो. लॅटिनमधील नावाचा अर्थ केवळ ‘वर्षभरातील काळ’ असा आहे. तरीही शब्द रूढ आहे, तो बदलू नका, तळटीप पुरे.