जिप्सी ऑटोमॅटिक करायची आहे, मदत हवी

चेंबूरचा_जिप्सीवाला
गाडी मारुती जिप्सी. मॅन्युअलची ऑटोमॅटिक करायची आहे. कुठला गिअरबॉक्स थेट बसतो आणि मुंबईत हे काम कोण करतं, एवढंच सांगा. 'विकून टाका, नवी घ्या' हा सल्ला नको, तो घरी रोज मिळतो. गॅरेजवाले 'होऊन जाईल साहेब' म्हणतात आणि त्यापुढे एक शब्द बोलत नाहीत. पावसाळ्याआधी काम उरकायचं आहे. बजेट दीड लाख.

तेलकट_हात
कुठली जिप्सी? हजार सीसीची, कार्ब्युरेटरवाली किंग की एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाली? इंजिन मूळचंच आहे की बलेनोचं १.६ टाकलंय? एसी आहे का? फोर बाय फोर वापरता की नुसतीच मिरवता? हे न सांगता गिअरबॉक्स विचारणं म्हणजे मापं न देता शर्ट शिवायला टाकणं.

चेंबूरचा_जिप्सीवाला
सगळं स्टॉक. २००४. एसी आहे. आता सांगा.

लो_रेंज
२००४ म्हणजे एमपीएफआय, जी१३बीबी इंजिन. जिप्सीत एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेली नाही. मधे छोटा शाफ्ट आहे. म्हणजे ऑटोमॅटिक बॉक्स ट्रान्सफर केसला जोडायची कटकट नाही, शाफ्टच्या लांबीचा आणि कोनाचा हिशोब करायचा.

इंजिनला थेट बसणारा बॉक्स म्हणजे परदेशातल्या १.६ व्हिटारा, साइडकिक, ट्रॅकरमधला तीन गिअरचा, जीएमचा ३एल३०. जी१३ आणि १.६वाल्या जी१६ची बेल हाउसिंगची (बॉक्सच्या इंजिनला टेकणाऱ्या तोंडाची) भोकं जुळतात. पण टू-व्हीलड्राइव्ह गाडीतलाच घ्या. फोर बाय फोरवाल्याच्या पाठीला त्याची स्वतःची ट्रान्सफर केस असते, ती इथे नकोय. फ्लेक्स प्लेट (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी येणारी पातळ चकती) घेण्याआधी क्रँकच्या बोल्टची संख्या आणि वर्तुळाचा व्यास दोन्ही मोजा, फोटो बघून घेऊ नका.

या बॉक्सला कॉम्प्युटर लागत नाही, सगळं तेलाच्या दाबावर चालतं. व्हॅक्यूम मॉड्युलेटरची, म्हणजे इंजिनाच्या ओढीवरून गिअर कधी पडायचा ते ठरवणाऱ्या डबीची, नळी थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डवर घ्यायची. नळी गळली तर गिअर उशिरा आणि धक्क्याने पडतील. आतला पडदा फाटला तर इंजिन गिअरचं तेल ओढून घेतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. मग मेकॅनिक पिस्टन रिंगा बदलायला निघतो. किकडाउन केबल (जोरात दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) थ्रॉटलला जोडा, पूर्ण अॅक्सिलरेटरला ती पूर्ण ताणली गेली पाहिजे.

तेलकट_हात
यात एक भर. सगळ्यात जास्त बॉक्स मरतात ते बसवतानाच. टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं काम तेलावर करणारा डबा) हाताने फिरवत आत ढकलायचा, तो टप्प्याटप्प्याने, सहसा तीनदा, आत बसतो. बेल हाउसिंग इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्स प्लेटमध्ये ३ ते ५ मिमी फट दिसली पाहिजे आणि कन्व्हर्टर हाताने सुटा फिरला पाहिजे. फट नसेल आणि बोल्टने ओढून घट्ट केलं, तर पंपाचे दात गेले. गाडी सुरू होईल, डी (ड्राइव्ह) टाकाल, हलणार नाही. मॅन्युअलचं पायलट बेअरिंग काढा आणि कन्व्हर्टरचं नाक क्रँकच्या भोकात मध्यावर बसतंय ना ते बघा, नाहीतर लेथवर बुश करून घ्या.

पार्ले_पूर्व
अहो, कशाला जुनाट तीन गिअरचा डबा? २०२३ पासून जिम्नी इथेच विकली जाते, अपघातातल्या गाडीचा चार गिअरचा बॉक्स मिळवा. ट्रान्सफर केस तिचीही वेगळीच आहे. चौथ्याचं गुणोत्तर ०.६९७, हायवेला इंजिन बोंबलणार नाही. सुट्या भागांचाही प्रश्न नाही.

लो_रेंज
पार्लेकर, बॉक्स उत्तम, पण तिचं इंजिन के१५बी. भोकं जुळत नाहीत, अॅडाप्टर प्लेट मिलिंग करून घ्यावी लागेल आणि तिच्या जाडीइतका कन्व्हर्टर मागे सरकेल, म्हणजे क्रँकला स्पेसर. शिवाय तो इलेक्ट्रॉनिक बॉक्स आहे. इंजिनाकडून कॅनवर (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या तारांवर) माहिती आली नाही की तो लिंप मोडमध्ये एकाच गिअरला बसून राहणार. २००४च्या ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कॅन माहीतच नाही. सुटा कंट्रोलर, त्याचं ट्यूनिंग, वायरिंग, यातच दीड लाख गेले.

पार्ले_पूर्व
आणि तुमचा ३एल३० काय कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या दुकानात टांगलाय? वापरलेले पार्ट आयात करायला परवाना लागतो, कुरिअरने मागवायची वस्तू नाही ती.

लो_रेंज
तो मुद्दा मान्य.

गरमागरम_वडापाव
एस्टीमचा ऑटोमॅटिक बॉक्स का नाही चालत? इंजिन तर तेच जी१३बीबी. भंगारात स्वस्तात मिळेल.

तेलकट_हात
एस्टीममध्ये इंजिन आडवं आहे, डिफरन्शियल बॉक्सच्या पोटातच, चाकांचे शाफ्ट दोन्ही बाजूंनी बाहेर. जिप्सीत इंजिन उभं आणि शाफ्ट मागे. बॉक्स फुकट मिळाला तरी बसणार नाही. एएमटी (मॅन्युअल बॉक्सचे क्लच-गिअर मोटरने चालवणारी) किटचा विचार कुणाच्या मनात असेल तर त्याचंही हेच उत्तर.

रबर_आणि_रस्ता
जिप्सीला २१५/७५ आर१५ टाका, २३५ टाकू नका. स्टीअरिंग जड होतं, पूर्ण वळवल्यावर टायर लीफ स्प्रिंगला घासतो.

तेलकट_हात
हे कुणी विचारलं?

मध्यरेषा
कागदांचं कुणीच बोलत नाहीये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. २००४ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण झालेलं असणार, पुढच्या तपासणीला इन्स्पेक्टरने खाली वाकून बघितलं की प्रश्न सुरू. विमा कंपनीला लेखी कळवलं नाही तर अपघाताच्या वेळी तेच कारण पुढे येईल. अपंगत्वामुळे गाडी अनुकूलित करायची असेल तर परवानगीची रीतसर वाट आहे. धागाकर्ते, मुळात ऑटोमॅटिक हवी कशाला आहे?

चेंबूरचा_जिप्सीवाला
डावा गुडघा. डॉक्टर म्हणाले क्लच कमी करा. चेंबूर ते अंधेरी रोज सकाळी. डोंगरात वर्षातून दोनदा. यात गिअरबॉक्सचा काय संबंध?

तेलकट_हात
सगळाच संबंध आहे, काका! हे पहिल्या ओळीत लिहायचं.

मध्यरेषा
मग ऑटो-क्लच किट बघा, अपंगांसाठीच्या गाड्यांत बसवतात तेच. गिअरच्या दांड्यावर स्विच असतो, हात लागला की व्हॅक्यूम सर्व्हो किंवा मोटर क्लच ओढते. जिप्सीचा क्लच केबलचा आहे, त्यामुळे जोडणी सरळ. पेडल जागेवर राहतं, घरातल्या दुसऱ्या कुणालाही चालवता येते. गिअरबॉक्स, शाफ्ट, रेडिएटर, कशालाच हात नाही. व्हॅक्यूमचं किट घेतलं तर वेगळी टाकी लावा, नाहीतर सिग्नलला लागोपाठ गिअर बदलताना दाब संपतो आणि ब्रेक बूस्टरलाही कमी पडतो.

लो_रेंज
शहरात ठीक. दगडांवर ऑटो-क्लच नको. अर्धा क्लच धरून इंच-इंच सरकायचं काम त्याला जमत नाही, एक तर सोडतो नाहीतर जाळतो. लो रेंजमध्ये (ट्रान्सफर केसच्या हळू, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) पाय वापरायचा, किट बंद करायचं.

पार्ले_पूर्व
ऑटोमॅटिकमध्ये हा प्रश्नच येत नाही. कन्व्हर्टर स्वतःच रेंगाळतो.

लो_रेंज
चढताना. उतरताना काय? मॅन्युअलचा पहिला ३.६५, ट्रान्सफर लो २.२६८, गुणाकार ८.३. तीन गिअरवाल्याचा पहिला २.४०, गुणाकार ५.४. चढावर कन्व्हर्टर ही तूट भरून काढतो, उतारावर इंजिन ब्रेकिंग तेवढंच कमी मिळतं. ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं आणि खाली पोहोचेपर्यंत ड्रम तापवायचे. आणि हायवे: या बॉक्सचा तिसरा १.००, म्हणजे तुमचा आजचा चौथा. उद्या एक्स्प्रेसवेला पाचवा न टाकता चौथ्यात ८० धरून पाहा. तो आवाज चालत असेल तर पुढे बोलू.

तेलकट_हात
तरीही करायचंच असेल तर आणखी चार गोष्टी. मॅन्युअलच्या रेडिएटरमध्ये तेलाचा कूलर नसतो, वेगळा प्लेट कूलर लावा. एसीचा कंडेन्सर आधीच पुढे आहे, त्यामुळे कूलरला स्वतःचा पंखा द्या. पेट्रोलची रबरी नळी वापरू नका, ती गिअरच्या तेलात मऊ पडते. सायन-चुनाभट्टीच्या रांगेत कन्व्हर्टर सतत घसरत असतो, तेल १२० अंशांच्या वर गेलं की करपायला लागतं, म्हणून तापमानाचा काटा बाहेर जाणाऱ्या लाइनवर बसवा.
स्टार्टरची वायर पी-एनच्या स्विचमधून न्या, म्हणजे पार्क किंवा न्यूट्रलमध्येच गाडी सुरू होईल. डीमध्ये एसी लावला की आयडल पडेल, ईसीयूला डीचा सिग्नल मिळतच नाही.
बॉक्स लांब पडला तर मधला शाफ्ट इतका आखूड होतो की क्रॉसचा (युनिव्हर्सल जॉइंटचा) कोन वाढून ५०-६०ला गाडी थरथरते. तेव्हा ट्रान्सफर केस मागे घ्या, मागचा शाफ्ट कापून, पुढचा वाढवून, दोन्ही बॅलन्स करून.
आणि शेवटची, लोक विसरतात ती: पी फक्त गिअरबॉक्सचा शाफ्ट अडवतो. ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलला राहिला तर पीमध्येही गाडी उतारावरून निघून जाईल. हँडब्रेक कायम. धक्का-स्टार्टही विसरा.

मध्यरेषा
मुळात क्लच इतका जड का आहे ते बघितलंत का? चांगल्या अवस्थेतली जिप्सी इतकी जड नसते. केबल सायलेन्सरजवळून गेली असेल तर आतलं अस्तर वितळतं. क्लच दाबणाऱ्या फोर्कचे बुश कोरडे पडतात. प्लेट झिजली की प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगची बोटं मागे येतात, पेडल जड होत जातं आणि फोर्कच्या टोकाचा प्ले (मोकळी हालचाल) कमी होतो. तो २ ते ४ मिमी हवा. गाडीखाली जा आणि हाताने हलवून सांगा.

चेंबूरचा_जिप्सीवाला
बघितलं. प्ले शून्य. केबलचे चार तार तुटून बाहेर आलेत, मधे एक जागा सायलेन्सरला चिकटून काळी झालीय.

तेलकट_हात
बॉक्स खाली उतरवावाच लागेल. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकदम बदला, फोर्कच्या बुशांना ग्रीस, नवीन केबल सायलेन्सरपासून दूर वळवून क्लिपने बांधा. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा भेगा असतील तर फेसिंग करून घ्या. ऑटो-क्लच लावायचा तर यानंतरच, नाहीतर किटची मोटर हीच तुटकी केबल ओढत बसेल.

चेंबूरचा_जिप्सीवाला
ठीक. रविवारी क्लच. ऑटो-क्लचची चौकशी करतो. पण गिअरबॉक्सचा नाद सुटलेला नाही, टू-व्हीलड्राइव्ह ट्रॅकरचा बॉक्स इथे कुठे दिसला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रबर_आणि_रस्ता
टायरचा साइज शेवटपर्यंत सांगितलाच नाहीत.