मंगळयानाचं इंजिन दहा महिन्यांनी पुन्हा पेटेल याची खात्री कशी केली?

परिवलन:
मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाचा आराखडा करायचा आहे, नमुना म्हणून मंगळयान घेतलंय. वजन १,३३७ किलो, त्यात ८५२ किलो इंधन, मुख्य इंजिन एकच, ४४० न्यूटनचं. दोन ठिकाणी अडलंय. पृथ्वीभोवती जवळजवळ महिनाभर फिरण्याऐवजी एकदाच इंजिन पेटवून निघता आलं नसतं का? आणि वेग कमी करून मंगळाच्या कक्षेत शिरायला तेच इंजिन तिथे पुन्हा पेटेल, हे कशाच्या भरवशावर धरायचं?

उपभू:
पहिल्याचं उत्तर आकडेमोडीतच आहे. पीएसएलव्ही रॉकेटने यान सुमारे २४८ × २३,५५० किमी (सर्वात कमी × सर्वात जास्त उंची) कक्षेत सोडलं. तिथून मंगळाकडे निघायला अंदाजे दीड किमी प्रति सेकंद वेग वाढवावा लागतो. ४४० न्यूटनला १,३३७ ने भागा, त्वरण येतं ०.३३ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे इंजिन साधारण तासभर सलग जळणार. इंधनाचा पुरेपूर मोबदला मिळतो तो उपभूबिंदूपाशी, म्हणजे कक्षा पृथ्वीच्या सर्वात जवळ येते तिथे, जिथे वेग सर्वाधिक असतो, आणि तासाभरात यान तिथून हजारो किमी वर निघून जातं. म्हणून दर फेरीला उपभूपाशी थोडं थोडं जाळायचं. अपभू, म्हणजे कक्षेचं सर्वात दूरचं टोक, असं वाढवत १,९२,८७४ किमीपर्यंत नेलं आणि १ डिसेंबर २०१३ च्या शेवटच्या धक्क्याला फक्त ६४८ मीटर प्रति सेकंद उरले. इंजिन चाललं २२ मिनिटं.

मात्र तारीख आपल्या हातात नसते. कमी इंधनाच्या वाटेने मंगळ गाठायला सुमारे २५९ दिवस लागतात, म्हणून निघताना मंगळ पृथ्वीच्या ४४ अंश पुढे हवा. तो योग ७८० दिवसांनी येतो. आराखड्यात कक्षा वाढवण्याच्या फेऱ्यांचे दिवस वजा करूनच प्रक्षेपणाची तारीख ठरवा.

झडप:
दुसरा प्रश्न खरा महत्त्वाचा. झडपांपायीही मोहिमा बुडतात. जपानचं अकात्सुकी डिसेंबर २०१० मध्ये शुक्राजवळ पोहोचलं, पण इंधनाच्या नळीतल्या झडपेत क्षार साचून इंजिन मध्येच बंद पडलं. पाच वर्षं सूर्याभोवती फिरल्यावर थ्रस्टरांनी (यानाची दिशा सांभाळणाऱ्या छोट्या इंजिनांनी) ते कसंबसं शुक्राच्या कक्षेत गेलं.

मंगळयानात यावर उपाय म्हणून इंजिनाकडे जाणारा इंधनाचा समांतर मार्ग ठेवला होता. जाताना वापरलेल्या झडपा दहा महिने इंधनाच्या संपर्कात राहणार, त्यांच्यावर विसंबायचं नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०१४ ला, पोहोचायच्या दोन दिवस आधी, इंजिन चार सेकंद चालवून पाहिलं.

पर्यायी व्यवस्थाही तपासून घ्या, तीसुद्धा प्रत्यक्ष उड्डाणातल्या जोडणीत. ११ नोव्हेंबर २०१३ च्या चौथ्या कक्षावाढीत झडपेच्या मुख्य आणि राखीव दोन्ही कॉइलना (झडप चालवणाऱ्या विजेच्या वेटोळ्यांना) एकदम वीज दिली आणि इंजिनाकडचा प्रवाहच थांबला. १३० ऐवजी ३५ मीटर प्रति सेकंद मिळाले. यानाने आपणहून छोटे थ्रस्टर वापरून काम चालू ठेवलं आणि उरलेली कक्षावाढ दुसऱ्या दिवशी उरकली.

परिवलन:
आणि २४ सप्टेंबरला इंजिन पेटलंच नसतं तर?

झडप:
२२ न्यूटनचे आठ थ्रस्टर होते, मिळून १७६ न्यूटन. तेवढ्याच कामाला अडीचपट वेळ लागला असता आणि कक्षा बरीच लांबुळकी झाली असती, पण यान मंगळापाशी राहिलं असतं.

उपभू:
एक गोष्ट राहिली. त्या दिवशी संदेश पोहोचायला साडेबारा मिनिटं लागत होती आणि इंजिन पेटल्यावर चार-साडेचार मिनिटांत यान मंगळाआड गेलं. म्हणजे जमिनीवरून काहीच करता येणार नव्हतं. सगळ्या आज्ञा कित्येक दिवस आधीच चढवल्या होत्या. इंजिन कधी बंद करायचं, हेही नुसत्या घड्याळावर सोडू नका. ठरले होते २४ मिनिटं १४ सेकंद, पण हवा तो वेगातला १,०९९ मीटर प्रति सेकंदाचा फरक आधीच मिळाला आणि इंजिन २३ मिनिटं ९ सेकंदांत थांबलं. त्वरणमापकावर (वेगातला बदल मोजणाऱ्या उपकरणावर) बंद करा, घड्याळ राखीव ठेवा.